मसाल्याचा सातबारा

होळी झाली की सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत डंकांपुढे पिशव्यांची रांग लागायला सुरुवात होते. मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीतही तेच. मिरची निवडा, मसाला भाजून घ्या, कुटून घ्या आणि डबा भरून घरी न्या. पावसाच्या आत वर्षाची बेगमी झाली पाहिजे, हा या सगळ्या धावपळीमागचा हिशेब. कोणी कांदा-लसूण चटणी करतं, कोणी मालवणी मसाला, कोणी काळा, कोणी गोडा. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आपला मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचं नावच बॉटल मसाला. एका आळीतल्या दोन घरांचा मसाला सारखा नसतो आणि प्रत्येक घराला आपलाच खरा वाटतो.

या रांगेत आता तरुण माणसं कमी दिसतात. मग ठरलेली हळहळ सुरू होते. आताच्या मुलींना हे जमत नाही, सुनांना वेळ नाही, पाकिटांनी सगळ्या घरांची चव एक करून टाकली, आमच्या आईच्या हातची चव तिच्याबरोबरच गेली. लग्नाच्या पंगतीपासून दिवाळी अंकापर्यंत हे सगळीकडे ऐकू येतं. हळहळ खोटी नाही, पण तिने धरलेला आरोपी चुकीचा आहे. घरचा मसाला पाकिटाने संपवला नाही आणि सुनेनेही संपवला नाही. आपण त्याचं जे कौतुक केलं, त्यानेच तो संपत आला आहे. ‘आईच्या हातची चव’ म्हणत म्हणत आपण शिकता येण्याजोग्या एका विद्येला देणगी ठरवलं. देणगी कोणी कोणाला शिकवत नाही. ती एका हातात आहे म्हटलं की बाकीचे हात मोकळे होतात.

ही विद्या नेमकी काय असते, ते जरा जवळ जाऊन बघू. माझं माहेर कऱ्हाडजवळचं. वर्षाच्या मसाल्याला आमच्याकडे चटणीच म्हणतात. मिरची मुख्यतः दोन प्रकारची, संकेश्वरी तिखटपणासाठी आणि ब्याडगी रंगासाठी. ती उन्हात कडकडीत वाळवायची आणि देठ मोडायचे. त्या दिवशी घरातलं कोणी डोळ्यांना हात लावत नाही. कांदा उभा चिरून जुन्या लुगड्यावर वाळत घालायचा, मग तेलात लालसर तळायचा. खोबरं किसून भाजायचं. नंतर धणे, जिरे, तीळ, खसखस, मेथ्या, मिरे, लवंग, दालचिनी, बाद्यान, जायपत्री, नाकेशर, मसाला वेलदोडे, तमालपत्र, दगडफूल, हळकुंडं आणि खडा हिंग. यातला प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. तीळ क्षणात करपतात. हळकुंड आणि हिंग तेलात नीट फुलेपर्यंत दम धरावा लागतो, नाहीतर आत कच्चे राहतात. मेथी जरा जास्त तांबडी झाली की सगळ्या चटणीला कडवटपणा येतो. दगडफुलाला कोरडं असताना फारसा वास नसतो, गरम तेलात पडलं की मात्र सगळं घर त्याच्या वासाने भरतं.

डंकावर क्रम ठरलेला. आधी मिरची आणि मीठ, मग भाजलेले मसाले, शेवटी लसूण, आलं, कोथिंबीर, कांदा आणि खोबरं. इथलं मीठ फक्त चवीसाठी नसतं, चटणी वर्षभर टिकावी म्हणूनही असतं. कांद्यात ओल राहिली तर श्रावणात बरणी उघडल्यावर वर बुरशी दिसते. म्हणून कांदा वाळला की नाही हे आई बोटांनी चुरून बघते. डंकावरून आणलेली चटणी अजून ऊन असतानाच थोडी भाकरीवर घ्यायची, वर तेलाची धार सोडायची आणि खाऊन बघायची. काही कमी-जास्त करायचं असेल तर ते तेव्हाच. त्यानंतर ती बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचे खडे ठेवायचे आणि तोंडाला दादरा बांधायचा.

यात हाताचा भाग किती आहे? कुटण्याचं काम तर यंत्र करतं. आईचं काम निर्णयांचं आहे. यंदाची संकेश्वरी जास्त जहाल दिसते, तर ब्याडगी वाढवायची. धणे जुने आहेत, त्यांना वास कमी, तर थोडे जास्त घ्यायचे. ढग आले, कांदा वाळला नाही, तर तळताना जास्त वेळ द्यायचा. डोळा, नाक, मागच्या वर्षांची आठवण आणि कारणं जोडून बघण्याची सवय, यांतून हे निर्णय होतात. डॉक्टरने नाडी बघून असं काही ओळखलं तर आपण त्याला ज्ञान म्हणतो. बाईने कढईत बघून ओळखलं की हाताचा गुण म्हणतो.

माझ्या धाकट्या भावाला हा गुण मान्य नव्हता. तो पुण्यात नोकरी करतो. आईचे गुडघे दुखायला लागले, तसा तो उन्हाळ्यात रजा काढून चटणीच्या कामाला येऊ लागला. धणे कधी उतरवायचे, असं त्याने विचारलं की आई म्हणायची, ‘‘कळतं रे आपोआप.’’ हा म्हणायचा, ‘‘तुला कळतं गं. मला कसं कळणार, ते सांग.’’ ती वैतागायची. शेवटी एकदा म्हणाली, ‘‘वास आला म्हणजे उशीर झाला. वास आता येणार असं वाटलं की उतरवायचं.’’ ऐकायला हे एखाद्या साधूच्या वचनासारखं वाटतं, पण त्याने त्यामागचं कारण शोधून वहीत लिहिलं: ‘लोखंडी कढई खाली उतरवल्यावरही तापलेली राहते, धणे आतल्या आत भाजत राहतात. रंग बदलायला लागताच लगेच परातीत काढणे.’ पुढे त्याने वजनकाटा आणला आणि आईच्या मुठी तोलून घेतल्या. आता चटणी तोच करतो. ती आईच्या चटणीपेक्षा जराशी कमी तिखट असते, कारण त्याच्या मुलांना तेवढं तिखट खपत नाही. आईला हा बदल पसंत नाही, पण ती तीच चटणी खाते.

‘आपोआप कळतं’ आणि ‘हाताचा गुण’ ही दोन्ही उत्तरं शिकवणीचं दार बंद करतात. पहिलं उत्तर आई देते, कारण तिला कोणी कधी कारण विचारलेलं नसतं. तिच्या सासूनेही तिला कारणं सांगितली नव्हती, नुसतं बघायला लावलं होतं. दुसरं उत्तर घरातले पुरुष देतात, कारण ते सोयीचं आहे. आईच्या हाताला चव आहे असं एकदा म्हटलं की त्या हातातला झारा घेण्याची जबाबदारी उरत नाही. जेवून उठताना दोन गोड शब्द बोलले की झालं. स्तुतीने कामाचं मोल फेडण्याची ही पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. बाईला अन्नपूर्णा म्हणायचं आणि तिच्या एकटीवर चूल सोपवायची. देवीला मदत कोण करतो? देवीला फक्त नमस्कार करतात.

यावर कोणी म्हणेल, स्वयंपाक ही बाईच्या स्वभावातच असलेली गोष्ट आहे. आपला इतिहास याला साथ देत नाही. अज्ञातवासात विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राबला तो भीम. नल राजाच्या नावावर पाकशास्त्राचा ग्रंथ सांगतात. मराठीत छापलेलं पहिलं पाकपुस्तक मानलं जातं ते १८७५ सालचं ‘सूपशास्त्र’, आणि ते लिहिलं रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी. आजही लग्नात हजार पानांचा स्वयंपाक करणारा आचारी बहुतेक वेळा पुरुषच असतो, आणि गावजत्रेच्या भंडाऱ्यातल्या मोठ्या कढईत ढवळणारेही पुरुषच. म्हणजे जिथे स्वयंपाकाला पैसा, मान किंवा पंगतीतली वाहवा मिळते, तिथे पुरुषाच्या हाताला चव असायला कधीच हरकत नव्हती. जिथे रोज, बिनमोबदला, कोणाच्या लक्षातही न येता स्वयंपाक करायचा असतो, तिथेच चव अचानक आईच्या हातात जाऊन बसते.

आता वारशाकडे वळू. ‘आमच्या घराण्याचा मसाला’ असं आपण अभिमानाने म्हणतो. पण घराण्याचा मसाला घराण्यात जन्मलेल्या माणसाने केलेला फार क्वचित सापडतो. तो प्रत्येक पिढीत दुसऱ्या घरून आलेल्या बाईने केलेला असतो. मी लग्न होऊन धुळ्याकडे गेले. खान्देशात मसाला काळा. तिथे खोबरं इतकं भाजतात की माझ्या माहेरी कोणी तसं केलं असतं तर कढई पुन्हा घासायला लावली असती. सासूबाईंनी मला शिकवलं आणि मी शिकले. सासरे त्याला ‘आपल्या घराण्याचा मसाला’ म्हणायचे. सासूबाई मात्र एकदा मला हळूच म्हणाल्या, ‘‘यात जी खसखस आहे ना, ती माझ्या आईची. यांच्या घरी घालत नव्हते.’’

महाराष्ट्रात हे घरोघरी झालं आहे. मुलीला लहानपणापासून स्वयंपाकघरात उभी करायची, पण ती परक्या घरी जाणार म्हणून. ती सासरी गेली की माहेरची चव मागे ठेवून सासरची शिकायची. आवडली तर गुपचूप एखादी मूठ तिकडची इकडे टाकायची. जो मुलगा त्याच घरात, त्याच आडनावाने राहणार, त्याला त्या घराच्या मसाल्यात काय पडतं हे ठाऊक नसतं. जमीन मुलाकडे गेली आणि मसाला सुनेकडे. जमिनीच्या सातबाऱ्यावर बापामागे मुलाचं नाव चढतं. मसाल्याचा सातबारा कोणी काढला तर त्यावर ओळीने फक्त सासवा-सुना दिसतील, आणि त्यातल्या एकीचंही जन्माचं आडनाव त्या घराचं नसेल.

यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, शुद्ध घराण्याची चव असं काही नसतंच. प्रत्येक बरणीत तीन-चार घरांची भेसळ असते, आणि तिनेच ती चविष्ट झालेली असते. दुसरी जास्त महत्त्वाची. परक्या घरून आलेली, वेगळ्या चवीची सवय असलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी थोड्याच उन्हाळ्यांत हा मसाला अचूक करायला लागते, तर जन्मापासून तोच मसाला खाल्लेल्या मुलाला तो जमत नाही म्हणण्याला काही अर्थ नाही. विद्या शिकता येते याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे महाराष्ट्रातली प्रत्येक सून.

परंपरा जशीच्या तशी राहिली पाहिजे असं म्हणणाऱ्यांनी मसाल्यातली मिरचीच एकदा आठवावी. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर आली. त्याआधी तिखटपणाचं काम मिरी आणि पिंपळीकडे होतं. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त खाद्यपदार्थांची रेलचेल आहे, पण मिरची असणं शक्यच नाही. म्हणजे ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्यांचा म्हणतो त्या मसाल्याचा मुख्य जिन्नसच परदेशातून आलेला. उपवासाची साबुदाण्याची खिचडीही अशीच आहे. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तोही अमेरिकेतला, दाणे परतून त्यात घालतो तो भुईमूग अमेरिकेतला आणि मिरचीही तिथलीच. तरी एकादशीला ती पवित्र. डंकही काही पुराणकालीन नाही. त्याआधी उखळ-मुसळ होतं, आणि तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी ‘यंत्राच्या मसाल्याला चव नाही’ असं म्हटलं नसेल असं मानायचं कारण नाही. पहिल्या मिरचीला नाक मुरडणारी कोणी पणजी असणारच. तिचं ऐकलं असतं तर आज आपल्याकडे रस्सा नसता.

म्हणून माझ्या भावाने तिखट कमी केलं तर परंपरा मोडली असं मी मानत नाही. चटणी करण्याची कारणं त्याला ठाऊक आहेत, म्हणून तो ती बदलू शकतो. ज्याला कारणं ठाऊक नाहीत तो एकतर जशीच्या तशी नक्कल करतो किंवा सोडून देतो. आणि नक्कलही फार टिकत नाही, कारण मिरची बदलते, हवा बदलते, गॅसची शेगडी चुलीसारखी नसते.

मग प्रश्न येतो लिहिण्याचा. मसाला लिहून ठेवला की त्यातला जीव जातो, असं म्हणणारे बरेच आहेत. ‘अंदाजपंचे’ या शब्दाचा त्यांना भारी अभिमान. पण १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं, आणि त्यात वाटी-चमच्याची मापं होती, तेव्हा स्वयंपाकातला जीव गेला नाही. उलट दूर गावी, नव्या शहरात एकट्याने संसार थाटणाऱ्या असंख्य मुलींना आधार मिळाला. ज्यांना सांगायला जवळ आई नव्हती किंवा सासू नव्हती, त्यांनी त्या पुस्तकावर घर चालवलं. परदेशी गेलेल्या मराठी माणसांच्या सामानातही ते पोचलं. मापाने चव मरते असं मानायचं तर माप कोणाला लागतं ते बघावं. आईजवळ राहणाऱ्याला ते लागत नाही. जो दूर गेला, ज्याची आई गेली, ज्याला घरात कोणी शिकवलं नाही, त्याला लागतं. अंदाजाचा अभिमान हा जवळ असणाऱ्यांचा अभिमान आहे.

लिहिण्याला मर्यादा आहेत, हे खरं. ‘लालसर’ म्हणजे किती लाल, ‘खमंग’ म्हणजे केव्हा, हे कागदावर पूर्ण उतरत नाही. त्यासाठी कढईशेजारी उभं राहावंच लागतं. पण शेजारी उभं राहिलेल्याने नंतर लिहिलं, तर पुढच्याला निम्मी वाट तयार मिळते. निम्मी वाट म्हणजे कमी नाही. उरलेल्या निम्म्या वाटेसाठी मात्र एकत्र बसावं लागतं. दक्षिण कोरियात हिवाळ्याआधी सगळ्यांनी मिळून किमची हे आंबवलेलं लोणचं घालण्याची प्रथा आहे, तिला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. लक्षात घेण्यासारखं हे की तिथे नोंद झाली ती किमची करण्याच्या आणि ती वाटून देण्याच्या रीतीची. वारसा बरणीत नसतो, बरणी भरणाऱ्यांच्या एकत्र बसण्यात असतो. आपल्याकडे पदार्थाचे गोडवे गायले जातात आणि बसायला कोणी येत नाही.

सर्वांत टोकदार आक्षेप पाकिटाचा. बाजारात चांगला मसाला मिळतो, तर उन्हात कांदे का वाळवायचे? हा प्रश्न फालतू नाही. ज्या बाईला सकाळी लोकल गाठायची आहे, तिने पाकीट आणलं म्हणून तिच्यावर डोळे वटारण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि घरात बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तर मुळीच नाही. शिवाय घरचं कसब विकणं कमीपणाचंही नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तीच पुढे लिज्जत झाली. घरात ज्या कामाला ‘हाताची चव’ एवढंच मोल होतं, त्याच कामाला तिथे मजुरी मिळाली आणि मालकीत वाटा मिळाला. गावोगावचे बचत गट आज मसाले करून विकतात, त्यातही हेच आहे. माझं म्हणणं असं की घरच्या मसाल्याचा खरा हिशेब आधी या बायकांनी मांडला. मसाला करायला किती तास लागतात, किती जिन्नस लागतात, किती जणी लागतात, हे विकायला बसल्यावरच मोजावं लागलं.

तरी घरी करावा, असं मी म्हणते. पाकिटातल्या मसाल्याला तुमच्या घरातल्या म्हाताऱ्याचं आम्लपित्त ठाऊक नसतं, मुलाला तिखट चालत नाही हे ठाऊक नसतं. तो सगळ्यांसाठी एकच केलेला असतो आणि असायलाच हवा. घरी केलेला मसाला बदलता येतो. आपण खातो ते कशाचं बनलंय, हे घरातल्या निदान एकाला नीट ठाऊक असणं ही किरकोळ गोष्ट नाही. पण ते ‘निदान एकाला’ म्हणजे पुन्हा आईलाच, असं ठरलेलं असेल, तर मी पाकिटाच्या बाजूने मत देईन. बाईच्या गुडघ्यांवर उभा असलेला वारसा मला नको.

प्रत्येक वारसा जपण्याच्या लायकीचा असतो, असंही नाही. पाळी आलेल्या बाईने लोणच्या-मसाल्याच्या बरणीला हात लावायचा नाही, लावला तर बुरशी येते, हे कितीतरी घरांत आईने मुलीला मसाल्याबरोबरच शिकवलं. बुरशी ओलीने येते, बाईच्या स्पर्शाने येत नाही, हे कांदा वाळवणाऱ्या प्रत्येक बाईला खरं तर दिसत होतं. तरी दोन्ही गोष्टी एकाच श्वासात पुढे गेल्या. कारण न विचारता घेतलेला वारसा असा सगळाच्या सगळा येतो, निवडून घेता येत नाही.

आणि कोणाचा वारसा, हाही प्रश्न आहेच. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या खाण्याची ती नोंद आहे. ‘आजीच्या हातची चव’ म्हणून आपण जे सगळं लिहितो-वाचतो, त्यात तेल, तूप, खोबरं, खसखस यांची अजिबात वाण नसते. ज्या घरांत ही चैन नव्हती, त्यांच्याकडेही चव होती, युक्ती होती, उरलेल्यातून आणि नाकारलेल्यातून काय करायचं याचं शास्त्र होतं. पण त्या घरांत आई मुलाला पदार्थ शिकवायची तेव्हाच तो चारचौघांत बोलायचा नाही, हेही शिकवायची. वारसा सांगण्याची मोकळीक ज्यांना मिळाली त्यांचंच जेवण दीर्घकाळ ‘मराठी जेवण’ ठरलं. म्हणून लिहून ठेवण्याचा माझा आग्रह फक्त सोयीचा नाही. जे लिहिलं जात नाही, ते आधी घरातून जातं आणि मग इतिहासातून.

आता कामाच्या वाटणीचा हिशेब. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या कालवापर सर्वेक्षणात दिसलं की घरातलं बिनमोबदला काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७. आणि ही ९७ मिनिटं फक्त अशी कामं करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. बहुसंख्य पुरुष तर त्या हिशेबातच नाहीत. हे आकडे वाचून ‘सुनांना वेळ नाही’ ही तक्रार पुन्हा ऐकली तर तिचा अर्थ बदलतो. सुनेकडे वेळ नाही तो यासाठी, की दोघांचं काम ती एकटी करते. मसाला हे त्या कामातलं वर्षातून एकदाच येणारं, सगळ्यांनी मिळून करण्यासारखं आणि खरं तर मजेचं काम. तेच आधी गळून पडणार, कारण रोजचा स्वयंपाक तर टाळता येत नाही.

महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने तो हक्क देशभर गेला. त्यावरही तेव्हा कुरकुर झाली होती, की घराणं मोडेल, जमिनीचे तुकडे होतील. घराणी मोडली नाहीत. मुलीला जमिनीत वाटा देणं न्यायाचं असेल, तर मुलाला मसाल्यात वाटा देणंही न्यायाचंच आहे, आणि इथे तुकडे होण्याची भीतीही नाही. मसाला वाटला की वाढतो. मुलगी आपल्या माहेरची चटणी सासरी नेऊ शकते आणि मुलगा आपल्या घरी तीच करू शकतो. एका घरात दोन बरण्या राहायला काय हरकत आहे? माझ्या फडताळात आज काळा मसाला आणि चटणी शेजारी शेजारी असतात. दोन्ही मी करते आणि माझा मुलगा दोन्हींचे देठ मोडतो. पुढच्या वर्षी कढई त्याच्याकडे जाईल, असं त्याला सांगून ठेवलं आहे.

येत्या उन्हाळ्यात एवढं करा. घरातल्या मुलग्यांना आणि जावयांनाही मसाल्याच्या कामाला बसवा, नुसतं पोती उचलायला नाही. आईला, सासूबाईंना, मावशीला प्रत्येक जिन्नसाचं कारण विचारा, आणि ‘आपोआप कळतं’ हे उत्तर स्वीकारू नका. तिच्या मुठी तोला आणि लिहून ठेवा, वर तिचं नाव घाला, आणि त्यातली कोणती मूठ कोणाच्या घरून आली, हेही घाला. चटणी झाली की शेजारच्या घरी वाटीभर द्या आणि त्यांच्याकडची आणा. मग चवीला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, कारण तेव्हा तुम्हाला तो अधिकार असेल. आणि त्यानंतरही कोणी पंगतीत ‘आईच्या हातची चव’ म्हणून डोळे पुसू लागला, तर त्याला एवढंच विचारा, की आई होती तेव्हा तू कढईजवळ कधी उभा राहिलास?